चतुःसीमा

कचेरीच्या मागं, सायकल-स्टँडला लागून माझं टेबल.
एक पाय तोकडा, खाली फरशीचा तुकडा.
मोडी वाचून देतो, पानाला साठ रुपये.
फाटकं असेल तर सत्तर,
जे नसतं तेही वाचावं लागतं.

शेजारी दस्तगीर मुतवल्ली. अर्ज कानडीत लिहितो,
हिशेब उर्दूत करतो,
शिवी मात्र अस्सल बेळगावी मराठीतच :
"काय करूलालास बे, शिक्का उलटा मारलास की!"
किल्ल्यातल्या मशिदीत तो ज्या खांबाला टेकतो
तो म्हणे कधीकाळी देवळात उभा होता,
अंगावर जुनी कानडी अक्षरं घेऊन.
विचारलं, टोचत नाहीत?
म्हणाला, पाठीला वाचता येत नाही.

माझ्यापुढं राज्यं येतात ती घडी घालून.
वर पातशाही शिक्का, खाली पेशव्यांच्या कारकुनाचं वळण,
पाठीमागं कंपनीच्या साहेबाची लांबुळकी सही,
आणि या सगळ्यांच्या मधे
तीच चार बिघे भातजमीन.
पूर्वेस ओढा. पश्चिमेस जैनाचा मळा.
उत्तरेस लिंगायताची विहीर, तिच्यात मराठ्याचा निम्मा हिस्सा.
दक्षिणेस सरकारी रान.
एकतीस वर्षं वाचतोय, चतुःसीमा हलत नाहीत.
हलतं ते सरकार.

मंगळवारी रुफिना आली, खानापूरच्या पलीकडल्या रानातून.
तीन बसा बदलून. कुरळ्या केसांत भुसा,
प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक,
आणि सगळ्यात आत एक पान.
"सिद्दी आहे म्हणून दाखला मागतेत.
आज्जाचं नाव काढून द्या यातनं."

गावाची जुनी खानेसुमारी. वाळवीनं समास खाल्लेला.
मी मोठ्यानं वाचू लागलो.
मराठे, घरे एकोणीस. लिंगायत सात. जैन तीन.
ख्रिस्तांव दोन, गोव्याहून आलेले.
वडार पालांत, मोजले नाहीत, उद्या जातील.
मुसलमान एक, तो पिंजारी.
मग पान संपता संपता,
शाई आटलेल्या बोरूनं, घाईत :
'इतर, एक. रानात राहतो.
नाव पुसिले. हासला.'

दस्तगीरचा पेन थांबला.
रुफिना पुढं वाकली, जणू अक्षरांना चेहरा असतो.
"त्योच," म्हणाली. "आमचा इनास आज्जा.
कोण आलं की त्याला कळायचं नाही
कुठल्या बोलीत बोलायचं ते.
मग हसायचा."

नकलेच्या कोऱ्या कागदावर
एक शब्द घालायचा होता फक्त. इनास.
तीन अक्षरं. कोण बघणार होतं?
बोरूवाला कारकून मेला, त्याचा मालक मेला,
मालकाचा राजा मेला.
हात थांबला, सवयीनं की भीतीनं, सांगता येत नाही.
जसं होतं तसं उतरवलं.
दस्तगीरनं खाली कानडीत एकच शब्द लिहिला, नक्कनु,
आणि शिक्का यावेळी सरळ मारला.

पान फाटकं होतं. मी साठच घेतले.

पावणेदोन महिन्यांनी अर्ज परत आला.
लाल शेरा : 'नाव स्पष्ट नाही.'
ती काही बोलली नाही.
पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक.

त्या रात्री आई आठवली. बैलहोंगलची.
तापात कानडी बोलायची, देवाशी मराठी,
म्हशीशी दोन्ही.
जनगणनेचा मास्तर ओट्यावर बसलेला,
मांडीवर फॉर्म, शिसपेन्सिल जिभेला लावत,
मातृभाषेच्या रकान्याशी येऊन थांबलेला.
बाबांनी एकच सांगितली, ठणकावून.
मी दारात उभा, नऊ वर्षांचा.

आत चुलीपाशी
आई हसल्याचं मी ऐकलं होतं.
मास्तरानं ते लिहून घेतलं नाही.